स्वस्त वायफाय राउटर घेताय? नागपूरच्या घरांसाठी या चुका टाळा

बर्डीतल्या दुकानात राउटर मागितला की काउंटरवर तीन-चार डबे मांडले जातात आणि बोलणं अँटेनांवर येतं. "चार अँटेनावाला घ्या भाऊ, रेंज मस्त येते." बहुतेक चुकीच्या खरेदीची सुरुवात इथेच होते. हजार ते अडीच हजार रुपयांत घरापुरता चांगला राउटर मिळतो. मात्र तो आपल्या कनेक्शनला आणि आपल्या घराला जुळणारा हवा, आणि या दोन्हींची माहिती दुकानदाराकडे नसते. ती आपणच घरून घेऊन जायची असते.

घरात आधीच काय लागलंय ते न बघणं

फायबरचं कनेक्शन असेल तर भिंतीवर एक छोटा डबा असतो, ज्यात ती बारीक फायबर वायर खोचलेली असते. त्याला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. बरेच जण नुसतं मॉडेम म्हणतात. हा डबा काढून त्याच्या जागी साधा राउटर लावता येत नाही, कारण साध्या राउटरला फायबर खोचायची जागाच नसते. तो ओएनटीच्या लॅन पोर्टातून (नेटची केबल खोचायच्या खाचेतून) केबल काढून पुढे जोडावा लागतो. फायबर थेट घेणारे एक्सपॉन राउटरही बाजारात आहेत, पण केबलवाल्याने, म्हणजे नेट देणाऱ्याने, त्याचा नंबर आपल्या सिस्टीमवर नोंदवल्याशिवाय ते सहसा चालू होत नाहीत. म्हणून घेण्याआधी त्यांना फोन करा. स्वस्तात मिळतो म्हणून जुना एडीएसएल राउटर मात्र घेऊ नका. तो टेलिफोनच्या तारेसाठी बनलेला आहे.

फोन केलाच आहे तर आणखी दोन गोष्टी विचारून ठेवा. पहिली, आत्ता घरात असलेल्या डब्याचं वायफाय ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही लहरींवर चालणारं, आहे का? असेल, तर कदाचित नव्या राउटरची गरजच नाही, फक्त जागा बदलायची आहे. दुसरी, पीपीपीओईचं, म्हणजे राउटर ज्याने नेटला लॉगइन होतो ते, यूजरनेम आणि पासवर्ड. हे वहीत लिहून ठेवा. नेट बंद पडलं की टाचणीने रिसेटचं बटण दाबायची अनेकांना सवय असते. त्याने ही माहिती पुसली जाते आणि केबलवाला येईपर्यंत घर नेटविना राहतं. बहुतेक वेळा स्विच बंद करून मिनिटभराने चालू करणं पुरेसं असतं.

मोठा आकडा बघून भुलणं

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

डब्यावर एन३००, एसी१२००, एएक्स१५०० असं काहीतरी मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. हे आकडे म्हणजे राउटरच्या सगळ्या बँडची कागदावरची बेरीज. एसी१२०० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवर ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवर ८६७ एमबीपीएस. एकच मोबाइल दोन्हींचा वेग एकत्र घेत नाही, आणि प्रत्यक्षात ८६७ च्या निम्मा मिळाला तरी उत्तम म्हणायचं.

आता डबा उलटा करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. तिथे पोर्टची ओळ असते: "१०/१०० एमबीपीएस" किंवा "१०/१००/१०००". पहिल्या प्रकारच्या पोर्टातून जेमतेम ९५ एमबीपीएस आत येतं. तुमचा प्लॅन २०० चा असला, वायफाय कितीही वेगवान असलं, तरी टाकीला अर्ध्या इंचाचा नळ लावल्यासारखी गत होते. आणि हे फक्त सर्वांत स्वस्त राउटरांतच असतं असंही नाही. टीपी-लिंकचे आर्चर सी५० आणि आर्चर सी६ हे दोन्ही एसी१२०० वर्गातले. पण सी५० चे पोर्ट १०/१०० आहेत, सी६ चे गिगाबिट, म्हणजे १०/१००/१०००.

तुमचा प्लॅन ३०-४० एमबीपीएसचा असेल, पुढे वाढवायचा विचार नसेल, तर १०/१०० ने काही बिघडत नाही. तरीही बँड दोन हवेत. फक्त २.४ वर चालणारा एन३०० मी आज फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कोणालाही सुचवणार नाही. मनीषनगर, बेसा अशा भागांत फ्लॅटच्या एका स्कीममध्ये मोबाइलवर वायफायची यादी उघडली की शेजाऱ्यांची पंधरा-वीस नावं दिसतात. त्या सगळ्यांची गर्दी २.४ मध्येच असते, कारण तिथे एकमेकांना न अडवणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. ५ गिगाहर्ट्झवर जागा मोकळी असते.

वेगाबद्दल एक गैरसमजही काढून टाका. १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर डाउनलोड सेकंदाला साधारण १२ मेगाबाइट दिसतं. ते बरोबर आहे. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, डाउनलोड मेगाबाइटमध्ये दिसतं, आणि दोन्हींत आठपटीचा फरक असतो. त्यावरून केबलवाल्याशी भांडू नका.

भिंती, कूलर आणि रिपीटर

अँटेना जास्त म्हणजे रेंज जास्त, असं नसतं. सिग्नलची ताकद किती असावी यावर सरकारी मर्यादा आहे, ती दोन अँटेनाला आणि सहा अँटेनाला सारखीच. फरक पडतो भिंतींनी. महाल, इतवारीतल्या जुन्या घरांच्या जाड भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्झ फारसं पोचत नाही, तिथे २.४ च कामी येतं. म्हणूनही दोन बँड लागतात.

राउटर खिडकीपाशी ठेवण्याची चूक आपल्याकडे फार होते, कारण केबल तिथूनच आत येते. आणि उन्हाळ्यात त्याच खिडकीला कूलर लागतो. पत्रा सिग्नल अडवतो, टाकीतलं पाणी तो शोषून घेतं, शिवाय ओलसर हवा डब्यात जाते. दहा मीटर लॅन केबल घ्या आणि राउटर घराच्या मधोमध, डोक्याच्या उंचीवर लावा.

मागच्या खोलीत तरीही रेंज नसेल तर लोक स्वस्तातला सिंगल बँड रिपीटर आणतात. तो एकाच बँडवर ऐकतो आणि त्यावरच बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. त्यापेक्षा घरात पडलेला जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे फक्त वायफाय पसरवायला, लॅन केबलने जोडा. त्यातलं डीएचसीपी (मोबाइल-लॅपटॉपना नेटवर्कचा पत्ता वाटणारी सोय) बंद करायचं आणि केबल लॅन पोर्टात लावायची, एवढंच.

मे महिन्यात नेट का तुटतं

घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात चालण्याचं तापमान बहुधा ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. नागपुरात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा वरच्या मजल्यावरची बंद खोली, त्यात टीव्ही युनिटचं बंद कपाट, म्हणजे राउटरने दुपारी हात टेकलेच. दुपारी तुटणारं आणि रात्री नीट चालणारं नेट असेल तर आधी डब्याला हात लावून बघा. खूप तापला असेल तर त्याला उघड्यावर, सेट-टॉप बॉक्सपासून दूर ठेवा.

वीज गेली की नेट जाऊ नये म्हणून मिनी यूपीएस घेणार असाल तर ॲडॉप्टरवरची छापील ओळ वाचा. काही राउटर ९ व्होल्टवर चालतात, काही १२ वर; चुकीच्या व्होल्टचा पिन लावला तर डबा जळू शकतो. अँपिअर मात्र लिहिलेल्याइतके किंवा जास्त चालतात. ओएनटीलाही त्याच यूपीएसवरून वीज द्या, नाहीतर वायफाय दिसेल आणि नेट नसेल.

तुमच्याकडे गच्चीवरून तांब्याची लॅन केबल येत असेल तर वीज कडाडायला लागायच्या आधीच ती काढून ठेवा. पोर्ट जळला तर कंपन्या सहसा ते वॉरंटीत धरत नाहीत.

दोष राउटरचा की लाइनचा

ओएनटीवर एलओएसचा लाल दिवा लागला असेल तर फायबरमध्येच बिघाड आहे. राउटर बदलून उपयोग नाही. दिवे ठीक आहेत, वेग कमी आहे, तर लॅपटॉप केबलने थेट ओएनटीला जोडा आणि स्पीड टेस्ट करा. तिथेही कमी आला तर तक्रार केबलवाल्याकडे. तिथे पूर्ण आला तर राउटरजवळ उभं राहून ५ गिगाहर्ट्झवर तपासा. स्मार्ट बल्ब किंवा कॅमेरा जोडला जात नसेल तर दोन्ही बँडना वेगळी नावं द्या. अशी बरीच उपकरणं फक्त २.४ ओळखतात.

नवा राउटर घेतल्यावर ही तपासणी पहिल्याच दिवशी करा, म्हणजे बदलून घ्यायची वेळ हातात असते. बिल जीएसटीचं पक्कं घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून मागा. बऱ्याच ब्रँडची वॉरंटी ३ वर्षांची असते, आणि ॲडॉप्टर वॉरंटीत आहे का, तेही तिथेच विचारा.