मोठा लाकूड-लेथ घेताय? या चुका टाळा

छोट्या लेथवर (लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर) लाटणी, बाहुल्या, पेनं करून हात बसला की परातीएवढं काही करावंसं वाटतं. मग सोळा इंची, म्हणजे सोळा इंच व्यासापर्यंतचं लाकूड फिरवू शकणाऱ्या, लेथचा शोध सुरू होतो आणि पहिली चूक तिथेच होते: फक्त इंच बघितले जातात. इंच सांगतात की जॉब (कातायचं लाकूड) बसेल. तो नीट फिरेल की नाही, हे वजन आणि सर्वांत कमी वेग ठरवतात.

एक हिशेब करून बघा. भाकरीचं पीठ मळायची काथवट करायला 400 मिमी व्यासाचा, 150 मिमी जाडीचा ओला ठोकळा घेतला, तर त्याचं वजन 17-18 किलो भरतं. ओलं लाकूड कधीच सगळीकडे सारखं जड नसतं. ठोकळ्याचा गुरुत्वमध्य अवघा 5 मिमी बाजूला असला, तरी 300 आरपीएमला (मिनिटाला 300 फेऱ्यांना) दर फेऱ्याला साधारण 9 किलोचा हिसका बसतो. वेग दुप्पट, 600 केला की हिसका चौपट होतो, म्हणजे 36 किलो. पन्नास किलोचा लेथ अशा वेळी फरशीवर चालायला लागतो. म्हणून सोळा इंची लेथ स्टँडसह 150 किलोच्या खाली असेल तर घेऊ नका, दोनशेच्या पुढे असेल तर उत्तम. बेड, म्हणजे लेथचा आडवा पाया, बिडाचा असावा. फॅब्रिकेटरकडून चॅनेलचा करून घेतलेला बेड चालतो, पण मधे आडवे तुकडे जोडलेले हवेत, नाहीतर तो पिळतो.

स्टँड हलका असेल तर खाली फळी ठोकून कोरड्या वाळूच्या 25 किलोच्या चार पिशव्या ठेवा. वाळू ओली राहिली तर स्टँड आतून गंजतो, म्हणून आधी उन्हात पसरून वाळवा. पायांखाली जाड मऊ रबर घालणं हा सर्रास होणारा घोळ आहे, त्याने लेथ जास्तच डुलतो. लेव्हलिंग बोल्ट घेऊन चारही पाय टेकवा. जागा तळमजल्याचीच हवी. पेठेतल्या जुन्या वाड्याच्या लाकडी माडीवर किंवा फ्लॅटच्या गॅलरीत एवढं यंत्र चढवू नका.

मोटर आणि वेग

सर्वांत जास्त पैसे इथे वाया जातात. व्यास इंचांत घेऊन आरपीएमने गुणला की उत्तर 6000 ते 9000 च्या दरम्यान यावं, असा कातकामातला अंदाज आहे. म्हणजे सोळा इंचांना साधारण 375 ते 560 आरपीएम, तेही ठोकळा गोल झाल्यावर. सुरुवातीला 100-150 लागतात. ज्या लेथचा सर्वांत कमी वेग 500 आहे, त्यावर मोठा ठोकळा लावणं धोक्याचं.

घरी सिंगल फेज असतो, म्हणून 2 एचपीची थ्री फेज मोटर आणि व्हीएफडी (सिंगल फेजवरून थ्री फेज देऊन मोटरचा वेग बदलणारं उपकरण) ही जोडी सोयीची. पण 230 व्होल्ट घेणारा व्हीएफडी 230 व्होल्टचाच थ्री फेज देतो, आणि आपल्याकडच्या लहान मोटरी बहुतेक 415 व्होल्टला स्टारमध्ये (तिन्ही वाइंडिंगची एकेक टोकं एकत्र बांधून) जोडलेल्या असतात. तशीच जोडली तर मोटर फिरते, पण 50 हर्ट्‌झला जोर जेमतेम तिसरा हिस्सा उरतो आणि गाउज (कातायची पन्हळी पटाशी) टेकवला की थांबते. मग दोष व्हीएफडीला दिला जातो. मोटर डेल्टामध्ये (वाइंडिंग त्रिकोणात) जोडून घ्या. टर्मिनल बॉक्समध्ये तीनच वायरी दिसत असतील तर स्टारचा जोड आत आहे, तो वाइंडिंगवाल्याकडून उघडून सहा टोकं बाहेर काढून घ्यावी लागतात.

व्हीएफडी आहे म्हणून पुल्या काढून टाकू नका. 1440 आरपीएमची मोटर 10 हर्ट्‌झवर चालवली की तिचा पंखाही हळू फिरतो, मोटर तापते. पुलीने वेग तिसऱ्या हिश्श्यावर आणा, मग 15 हर्ट्‌झला सुमारे 140 आरपीएम भरपूर जोरासह मिळतात. व्हीएफडी आणि मोटरच्या मधे स्विच टाकू नका, चालू-बंद व्हीएफडीच्या कंट्रोलवरूनच करा. भुसा आत जाणार नाही अशा पेटीत तो बसवा, पेटी मोठी घ्या म्हणजे उष्णता कोंडणार नाही. लाइन स्वतंत्र, 4 चौरस मिमी तांब्याची, अर्थिंग पक्कं.

स्पिंडलचे (जॉब फिरवणाऱ्या दांड्याचे) आटे विसरू नका. लहान लेथवर बहुधा 1 इंच 8 टीपीआय (इंचाला आठ आटे), मोठ्यावर बऱ्याचदा एम33×3.5 (33 मिमी व्यास, आट्यांत 3.5 मिमी अंतर) असतो. जुन्या चकमध्ये (जॉब पकडणाऱ्या जबड्यात) बदलता येणारा इन्सर्ट असेल तर प्रश्न मिटला. मधे अडॅप्टर घातला की चक पुढे सरकतो आणि थरथर वाढते. फेसप्लेट (ठोकळा स्क्रूने बसवायची चकती) मात्र भोसरीतल्या कुठल्याही चांगल्या टर्नरकडून करून मिळते. लेथ उलटा फिरवणार असाल तर चकला लॉक स्क्रू हवाच, नाहीतर तो उलगडून निसटतो.

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतून निघालेला जुना धातूचा लेथ स्वस्त आणि जड म्हणून मोह पाडतो. कॅरेज (हत्यार धरणारा सरकता भाग) काढून टूल रेस्ट (हत्यार टेकवायची पट्टी) बसवावा लागतो, आणि तेलकट गिअरमध्ये भुसा जाऊन लगदा होतो. हा खटाटोप आम्ही सुचवणार नाही.

पैसे देण्याआधी हेडस्टॉक (फिरवणारी बाजू) आणि टेलस्टॉक (समोरचा आधार) यांची टोकं समोरासमोर आणा, ती भिडली पाहिजेत. स्पिंडलला डायल गेज लावून हाताने फिरवा, 0.03 मिमीपेक्षा जास्त डोल नको. टूल रेस्टचा आधार जॉबखालून जातो का तेही मोजा: तो अडीच इंच उंच असेल तर व्यासातून दुप्पट, म्हणजे पाच इंच, वजा होऊन लांब जॉबसाठी सोळाचे अकराच इंच उरतात.

थरथर थांबत नसेल तर पट्टा काढून मोटर एकटी चालवा. तरीही थरथरली तर मोटर किंवा तिची पुली. नाही, तर पट्टा चढवून जॉबविना चालवा. तेव्हाच आली तर पट्टा नाहीतर बेअरिंग, जॉब लावल्यावरच आली तर ठोकळा.

जूनपासून बिडाच्या बेडवर गंज धरतो. तेल लावलं की भुसा चिकटतो, त्याऐवजी पॅराफिन मेण घासा. ओली बाभूळ कातली असेल तर बेड त्याच संध्याकाळी पुसा, रसातलं टॅनिन लोखंडाला लागून रात्रभरात काळे डाग पाडतं.