घरून काम करताना दुपारचं जेवण वेळेवर कसं घ्यावं

स्वयंपाकघरातून "पानं घेतलीत, चला" अशी हाक येते. "आलोच, पाच मिनिटं" म्हणता म्हणता पोळ्या गार होतात, वरण दाटतं आणि शेवटी ताट लॅपटॉपशेजारी येतं. हे थांबवायचं तर आधी घड्याळ बघा, आपलंही आणि क्लायंटचंही.

इंदूरला बसून लंडनच्या टीमबरोबर काम करत असाल, तर त्यांचे सकाळचे ९ म्हणजे उन्हाळ्यात आपले दुपारचे १.३० आणि हिवाळ्यात २.३०. जर्मनीचे ९ म्हणजे उन्हाळ्यात १२.३०, हिवाळ्यात १.३०. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं सरकतात, आपली नाही. त्यांनी लावलेली रोजची मीटिंग मग आपल्या कॅलेंडरवर तासभर पुढे-मागे होते, जेवणाचा ब्लॉक, म्हणजे कॅलेंडरवर जेवणासाठी राखलेली वेळ, मात्र जागची हलत नाही, आणि सोमवारी दोन्ही एकमेकांवर आदळतात. त्या दोन रविवारी ब्लॉक स्वतः हलवा. लंडनवाल्यांसाठी उन्हाळ्यात १२.३५ ते १.२० आणि हिवाळ्यात १.१५ ते २ ही वेळ जमते.

ब्लॉक रोजचा लावा आणि 'बिझी' ठेवा. 'फ्री' राहिला तर समोरच्याला ती वेळ मोकळी दिसते आणि तो हमखास तिथेच मीटिंग टाकतो. मायक्रोसॉफ्ट टीम्स या ऑफिसच्या ॲपवरचा हिरवा दिवा पिवळा होऊन आपण जागेवर नाही असं दिसू नये म्हणून एका हाताने माउस हलवत जेवू नका. 'जेवायला गेलोय, १.२० ला येतो' एवढं स्टेटसमध्ये लिहून लॅपटॉपचं झाकण बंद करा.

४५ मिनिटं पुरतात: वाढायला ५, जेवायला २५, आवरायला ५, चालायला १०. पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण २० मिनिटं लागतात, म्हणून दहा मिनिटांत उरकलेल्या जेवणात दोन पोळ्या जास्त जातात. मे महिन्यात भर दुपारी बाहेर पडू नका, घरातल्या घरातच फेऱ्या मारा.

एकटे राहत असाल तर ऑफिसला निघाल्यासारखा सकाळीच डबा भरून ठेवा. एक वाटी कणकेच्या चार-पाच पोळ्या होतात, एक कोरडी भाजी, काकडी किंवा कोशिंबीर. भात मात्र सकाळी करून ओट्यावर ठेवू नका. इंदूरच्या उन्हाळ्यात शिजलेला भात तासाभराच्या वर बाहेर राहिला की त्यात जिवाणू वाढतात, आणि त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. जेवणाआधी अर्धा तास छोटा कुकर लावलेला बरा.

पोहे ९ च्या आत खा. अकराला शेव आणि जीरावन (इंदुरी मसाला) घालून भरली बशी पोटात गेली की एकला भूक नसते, आणि चारला कचोरी आठवते. दाल-बाफले (वरण आणि कणकेचे उकडून भाजलेले गोळे) रविवारी खा. तुपात बुडवलेले बाफले खाऊन दोनच्या मीटिंगमध्ये डोळे उघडे राहत नाहीत.

ताट कामाच्या टेबलावर किंवा पलंगावर घेऊ नका. जमिनीवर बसा, नाहीतर दुसऱ्या खोलीत जा.

मीटिंग लांबलीच तर जेवणाची सुट्टी पुढे ढकला, रद्द करू नका. ९ ला कामाला बसला असाल तर २ च्या पुढे नेऊ नका. कारखान्यातल्या कामगारालासुद्धा १९४८ च्या कारखाना कायद्याप्रमाणे सहसा सलग पाच तासांहून जास्त राबवता येत नसे, मध्ये किमान अर्धा तास द्यावाच लागे. तोवर मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा हाताशी ठेवा.