सोलरच्या कोटेशनमधली ड्युटी कशी वाचायची

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या एका इन्स्टॉलर कंपनीत मी खरेदी बघते. सोसायटीचे सेक्रेटरी काका असोत की लहानसं वर्कशॉप चालवणारे शेठ, कोटेशन पुढे सरकवून सगळे हेच विचारतात, "ताई, मागच्या वेळी एवढा भाव नव्हता, मध्येच काय झालं?" बऱ्याचदा कारखान्यात काहीच झालेलं नसतं. दिल्लीत, नाहीतर बीजिंगमध्ये एखादी अधिसूचना निघालेली असते. तिचा तुमच्या बिलाशी संबंध आहे की सेल्समन उगाच घाबरवतोय, हे तुमचं तुम्हाला तपासता येतं. घरावर ३ किलोवॅट बसवणाऱ्यांना यातलं अर्धंच लागेल. फॅक्टरीच्या छपरावर मोठी सिस्टिम टाकणाऱ्यांनी मात्र सगळं वाचावं.

आधी बघा, पॅनेल डीसीआर लिहिलंय की नॉन-डीसीआर. डीसीआर म्हणजे सेलही (पॅनेलच्या आतला, उन्हातून वीज बनवणारा तुकडा) भारतात बनलेला आणि पॅनेलही. नॉन-डीसीआर म्हणजे बहुधा पॅनेल इथे जोडलेलं, पण आतला सेल बाहेरचा. घरावरच्या सोलरसाठीच्या पीएम सूर्यघर या केंद्राच्या योजनेची सबसिडी (२ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, जास्तीत जास्त ७८,०००) डीसीआरलाच मिळते, त्यामुळे घरवाल्यांना निवड नाही. फॅक्टरीला ती सबसिडीच नाही, म्हणून ते आजवर नॉन-डीसीआर घेत आले. पण डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने जाहीर केलं की पॅनेलप्रमाणे सेलचीही मान्यताप्राप्त यादी, म्हणजे एएलएमएमची यादी क्रमांक २, १ जून २०२६ पासून लागू होणार आणि नेट मीटरिंगलाही (जास्तीची वीज ग्रिडला देऊन बिलातून वजा करून घेण्याची सोय) ती लागणार. यात ऑर्डरची तारीख धरत नाहीत, प्लांट चालू झाल्याची तारीख धरतात. म्हणून सप्लायरला विचारताना "माल कधी येईल" एवढ्यावर थांबू नका, "एमजीव्हीसीएलचा (इथल्या वीज कंपनीचा) मीटर कधी लागेल" ते विचारा.

आता आकडे. समजा बंदरात पोचलेल्या तयार पॅनेलची किंमत, भाडं आणि विमा धरून, १०० रुपये. १ एप्रिल २०२२ पासून तयार पॅनेलवर ४० टक्के आणि सेलवर २५ टक्के मूळ ड्युटी, म्हणजे आयात मालावरचं मूळ सीमाशुल्क, होती. २०२५ च्या बजेटमध्ये दोन्हींवर मूळ ड्युटी २० टक्के केली. लगेच फोन सुरू झाले, "ड्युटी निम्मी झाली ना, मग भाव का उतरवत नाही?" कारण त्याच बजेटने पॅनेलवर २० टक्के आणि सेलवर साडेसात टक्के कृषी सेस बसवला. सोलर पॅनेलवर शेतीचा सेस कशासाठी, ते मला विचारू नका. हिशेब असा: पॅनेलचे १०० अधिक २० अधिक २०, झाले १४०. त्यावर ५ टक्के आयजीएसटी (आयात मालावरचा जीएसटी), म्हणजे ७. एकूण १४७. सेलचे १०० चे होतात साडेसत्तावीस वर जाऊन १२७.५०, आणि त्यावर आयजीएसटी. आयजीएसटीचं क्रेडिट आयात करणाऱ्याला मिळतं, म्हणजे भरलेला कर त्याच्या पुढच्या जीएसटीतून वजा होतो, त्यामुळे तो कर आपल्या खर्चात धरून तुमच्याकडे मागत असेल तर हरकत घ्या.

इथे एक चलाखी चालते. पॅनेल भारतात जोडलेलं असेल तर सेलची ही ड्युटी फक्त आतल्या आयात सेलच्या किमतीवर लागलेली असते. काच, फ्रेम, जंक्शन बॉक्स, मजुरी हे सगळं वेगळं. "सेलवर साडेसत्तावीस टक्के आहे" म्हणत पूर्ण पॅनेलच्या भावावर साडेसत्तावीस चढवलेलं कोटेशन मी पाहिलंय. सेलची किंमत वेगळी लिहून मागा, मग बघा कसा आवाज खाली येतो.

जीएसटीचंही तेच. सोलर सिस्टिमच्या बिलात ७० टक्के माल आणि ३० टक्के सेवा धरतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालावरचा दर १२ वरून ५ टक्के झाला, सेवेवरचा १८ तसाच राहिला. म्हणजे आधी एकूण १३.८ टक्के पडायचे, आता ८.९ पडतात. कुणी जुन्या फॉर्मॅटमध्ये १३.८ लावलेला दिसला तर तिथेच पेन ठेवा.

सगळ्यात जास्त गोंधळ तारखेचा. ड्युटीचा दर कुठल्या दिवशीचा? पीओची (खरेदी ऑर्डरची) तारीख, एलसीची (बँकेच्या हमीपत्राची) तारीख, शांघायहून जहाज सुटल्याची तारीख, कशालाच किंमत नाही. कस्टम्स कायद्याच्या कलम १५ प्रमाणे बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातदार कस्टम्सला देतो तो मालाचा तपशील, सादर झाल्याचा दिवस धरतात. जहाज आल्याची बंदरातली नोंद त्यानंतर झाली तर तो दिवस. माल बॉण्डेड गोदामात (जिथे ड्युटी न भरता माल ठेवता येतो) ठेवला असेल तर तिथून सोडवायचं बिल भरलं तो दिवस. माल मुंद्राला उतरो, हजिऱ्याला उतरो की आपल्या बडोद्याजवळच्या दशरथच्या कंटेनर डेपोत येवो, नियम एकच. २०२२ ची ड्युटी ९ मार्च २०२१ लाच जाहीर झाली होती आणि जुन्या करारांना सूट नव्हती, म्हणून ३१ मार्च २०२२ च्या आत कंटेनर आणायला तेव्हा सगळे धावले. तुमचा सप्लायर "हा माल जुन्या दराचा आहे" म्हणाला तर बिल ऑफ एंट्रीची प्रत मागा. पहिल्याच पानावर नंबर आणि तारीख असते, आणि खाली पॅनेलसाठी ८५४१ ४३ ०० किंवा सेलसाठी ८५४१ ४२ ०० असा कोड. किमती झाकून दिली तरी चालेल, तारीख आणि कोड झाकू देऊ नका.

मग बातम्या. पेपरात "ड्युटी लागणार" छापून आलं की लोक ॲडव्हान्स देऊन मोकळे होतात. अँटी-डम्पिंगमध्ये (परदेशी माल फार स्वस्तात इथे ओतला जाऊ नये म्हणून लावायचं शुल्क) वाणिज्य मंत्रालयाचं खातं फक्त शिफारस करतं. लावायची की नाही ते अर्थ मंत्रालय ठरवतं, आणि त्याला तीन महिने असतात. मे २०१४ मध्ये अमेरिका, चीन, तैवान आणि मलेशियाच्या सेलवर अशी शिफारस झाली होती. ऑगस्टमध्ये मुदत संपली, अधिसूचना निघालीच नाही. उलट २०१८ मध्ये सेफगार्ड ड्युटी (आयात अचानक वाढली की देशी कारखाने वाचवायला लावतात ती) खरोखरच लागली, पहिल्या वर्षी २५ टक्के. म्हणून अधिसूचनेचा नंबर असल्याशिवाय भाववाढ मान्य करू नका.

परदेशातल्या बातम्याही अशाच चाळून घ्यायच्या. चीनने १ डिसेंबर २०२४ पासून पॅनेलवरचा निर्यात परतावा (निर्यात केल्यावर कारखान्याला परत मिळणारा कर) १३ वरून ९ टक्के केला. तेव्हाची भाववाढ खरी होती, कारण परतावा कमी झाला की तिथला कारखानदार भावात भर घालणारच. अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरचा बोजा ५० टक्क्यांपर्यंत नेला तेव्हा मात्र इथले काही विक्रेते "ट्रम्पमुळे महाग" सांगत होते. अहो, अमेरिकेने आपल्या मालावर कर लावला तर इथल्या कारखान्याला माल इथेच खपवावा लागतो! अशा वेळी भाव पाडून मागायचा असतो. पण फक्त नॉन-डीसीआरचा. पॅनेल जोडायची क्षमता देशात भरपूर आहे, सेलची त्यामानाने बरीच कमी, त्यामुळे डीसीआरवाला सहसा खाली येत नाही.

करारात एक कलम घालून घ्या. मी असं लिहिते: "कोटेशनच्या तारखेनंतर सीमाशुल्क, सेस, अँटी-डम्पिंग शुल्क किंवा जीएसटीच्या दरात अधिसूचनेने बदल झाल्यास, वाढलेला किंवा कमी झालेला फरक कागदपत्र दाखवून ग्राहकाच्या हिशेबात धरला जाईल. डॉलरचा भाव, जहाजभाडे आणि उत्पादकाचा दर यातील बदल धरले जाणार नाहीत." यातलं "किंवा कमी झालेला" सप्लायर गुपचूप खोडतात. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी उतरला तेव्हा या दोन-तीन शब्दांवरच सगळी भांडणं झाली.

शेवटचं काम माल आल्यावरचं. पॅनेल उलटं करून मागचं स्टिकर बघा: उत्पादक, मॉडेल, वॅट, सिरीयल नंबर. मॉडेल एएलएमएमच्या यादीत हवं. डीसीआर घेतलं असेल तर सिरीयल नंबर राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेच्या डीसीआर पोर्टलवर टाकून बघता येतात. हे सगळं ट्रक दारात उभा असतानाच करा, प्रत्येक स्टिकरचा फोटो काढून. एकदा पॅनेल स्ट्रक्चरवर बसलं की ते स्टिकर वाचायला गच्चीवर पाठ टेकून आडवं व्हावं लागतं, आणि नंबर न जुळणारं पॅनेल परत न्यायला तोवर ट्रकवाला थांबलेला नसतो.