मोठ्या बोअरचं पिस्तूल घ्यावं का? निर्णय कसा करावा

पिस्तूल घ्यायचं मनात आलं की बहुतेक जण आधी बोअर, म्हणजे नळीच्या छिद्राचा व्यास, विचारतात. बत्तीस (म्हणजे .32 इंच) घ्यावं की पंचेचाळीस? चव्वेचाळीस मॅग्नम, म्हणजे जादा ताकदीच्या काडतुसाचं, मिळेल का? माझं सांगणं उलट्या क्रमाचं आहे. आधी काम ठरवा, मग कायदा बघा, मग आपला हात तपासा. बोअर सगळ्यांत शेवटी.

पायरी 1: काम कागदावर लिहा

मोठ्या बोअरची हत्यारं ज्या कामासाठी जन्मली ते काम आपल्याकडे नाही. .44 मॅग्नम 1955 मध्ये अमेरिकेत आलं, .500 स्मिथ अँड वेसन मॅग्नम 2003 मध्ये. दोन्हींमागे तिथले शिकारी आणि अस्वलांच्या जंगलात फिरणारी माणसं होती. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली. आमच्या नागपूर जिल्ह्यातल्या रामटेक-उमरेडकडचा शेतकरी रानडुकरांनी त्रासलेला असतो हे खरं, पण त्यावर पिस्तूल हा उपाय नाही. त्यासाठी वनविभागाकडे पिकाच्या नुकसानभरपाईचा अर्ज करायचा.

मग उरतं काय? जिवाला खरा धोका, धंद्यात रोकड किंवा सोनं घेऊन ये-जा, किंवा नेमबाजीचा खेळ. यांपैकी एकही कारण दोन ओळींत लिहिता येत नसेल, तर इथेच थांबलेलं बरं. परवाना देणारा अधिकारीही नेमकं हेच विचारतो.

पायरी 2: दुकानाआधी कायदा

1959 चा शस्त्र अधिनियम आणि 2016 चे शस्त्र नियम यांवर सगळं चालतं. नागपूर शहरात परवाना पोलीस आयुक्त देतात, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. वय किमान 21 लागतं. अर्जासोबत शारीरिक-मानसिक आरोग्याचं प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते, शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षणही लागतं. मग तुमच्या ठाण्यातून चौकशी होते. परवाना हा हक्क नाही. नकार येऊ शकतो, आणि आधी परवाना, मग खरेदी, हा क्रम बदलत नाही.

बोअरचा प्रश्न इथेच बराचसा सुटतो. 9 मिमी आणि .38 ही प्रतिबंधित बोअर आहेत, सामान्य नागरिकाला ती मिळत नाहीत. परदेशातून नवं पिस्तूल मागवणंही नामांकित नेमबाज सोडले तर जवळपास बंद आहे. जुनी विदेशी हत्यारं हात बदलत फिरतात, त्यांची किंमत लाखांत जाते. तेव्हा नागपुरातल्या माणसाची निवड प्रत्यक्षात .32 भोवती फिरते: कानपूरचं रिव्हॉल्वर (गोळ्या फिरत्या नळकांड्यात असतात ते), अशनी पिस्तूल, 2014 मध्ये आलेलं हलकं निर्भीक रिव्हॉल्वर, 2023 मध्ये आलेलं प्रबळ रिव्हॉल्वर.

परवान्यावरचं क्षेत्र नीट वाचा. आपल्याकडच्या माणसाला हे फार नडतं. परवाना महाराष्ट्रापुरता असेल, तर जबलपूर रस्त्याने मध्य प्रदेशच्या हद्दीतलं खवासा गाठेपर्यंत तो संपलेला असतो. पेंच अभयारण्यात तर मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीशिवाय शस्त्र नेताच येत नाही.

पायरी 3: आकडे शेजारी शेजारी मांडा

काडतुसाच्या नावावर विसंबू नका. .38 स्पेशलची गोळी .357 इंचाची असते, .44 मॅग्नमची साधारण .43 इंचाची. ताकद कळते ती गोळीचं वजन आणि वेग यांवरून. नळीतून निघताना ऊर्जा ढोबळमानाने अशी असते: .32 मध्ये 175 ज्यूल, .45 एसीपी (पंचेचाळीस पिस्तुलाचं नेहमीचं काडतूस) आणि 9 मिमी दोन्हींत 480 च्या आसपास, .44 मॅग्नम 1,200 च्या वर, .50 ॲक्शन एक्स्प्रेस 2,000 च्या जवळ आणि .500 मॅग्नम 3,400 ते 4,000.

.45 आणि 9 मिमीचे आकडे परत बघा. एकाची गोळी जाड आणि संथ, दुसऱ्याची बारीक आणि वेगवान, तरी ऊर्जा सारखीच. म्हणून नुसत्या जाडीवर ताकद मोजणं चूक आहे. आणि जी ऊर्जा पुढे जाते तिची किंमत मागे तुमच्या मनगटाला मोजावी लागते. लांब नळीचं .500 रिव्हॉल्वर दोन किलोंच्या वर भरतं आणि त्यात गोळ्या पाचच. वजन जास्त ठेवलं आहे ते धक्का सोसावा म्हणून. हलकं हत्यार बाळगायला सोपं, पण तीच गोळी त्यातून जास्त उसळते.

पायरी 4: हातात धरून बघा

परवानाधारक विक्रेत्याकडे रिकामं हत्यार धरा. ते रिकामं आहे हे आधी स्वतः डोळ्यांनी तपासा, दुकानदाराने सांगितलं असलं तरी. तर्जनीचं पेर चापापर्यंत सहज पोचतं का? चाप ओढताना नळी हलते का? रिव्हॉल्वरचा चाप जड असतो, पण ते समजायला सोपं. पिस्तुलात मॅगझिन (मुठीतली गोळ्यांची पेटी) काढलं तरी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी, एक गोळी राहू शकते, आणि अनेक अपघात याच एका गोळीने होतात. नवख्या माणसाला मी रिव्हॉल्वर सुचवतो.

त्याआधी काही महिने रायफल क्लबात .177 एअर पिस्तूल चालवा. दहा मीटरवर कागद स्थिर हाताने फुटत नसेल, तर घाबरलेल्या हाताने अंधारात काय होईल याचा विचार करा. जोरदार गोळी दरवाजा, प्लायवूडची पार्टिशन पार करून पलीकडच्या खोलीत जाते. तिथे कोण झोपतं हे तुम्हाला माहीत आहे. भारतीय न्याय संहितेने स्वसंरक्षणाचा अधिकार दिला आहे, पण गरजेपुरताच. त्यापुढच्या प्रत्येक गोळीचा जाब द्यावा लागतो.

पायरी 5: घर आणि खर्च

भिंतीत बोल्टने बसवलेली तिजोरी हत्यारासोबतच घ्या. काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवा आणि किल्ली मुलांच्या नजरेआड. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा बंद गाडीत काडतुसं सोडू नका. पावसाळ्यात हत्यार चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून दिलं तर गंज धरतो, म्हणून ते पुसून, तेल लावून ठेवा. लग्नात हवेत गोळी झाडण्यावर 2019 च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही ठेवलं आहे. निवडणुकीच्या काळात हत्यार ठाण्यात जमा करण्याचा आदेश येऊ शकतो. जमा केल्याची पावती जपून ठेवा, आणि परवान्याची पाच वर्षांची मुदत संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज द्या.