दहा इंची स्क्रीनवर जागा काढायची तर

राजारामपुरीतल्या आमच्या झेरॉक्सच्या दुकानात एक जुना दहा इंची नेटबुक अजून तग धरून आहे. स्क्रीन १०२४ बाय ६००. रुंदीचं भागतं, रड आहे ती उंचीची. सातबारा काढायला बसलं की खालचं बटण गाठेपर्यंत गिऱ्हाईक चहा पिऊन येतंय.

फायरफॉक्स असेल तर वरच्या पट्टीत मोकळ्या जागी राइट क्लिक करून ‘कस्टमाइझ टूलबार’ उघडा. खाली ‘टायटल बार’वर टिक असेल तर काढा. शेजारच्या ‘डेन्सिटी’त ‘कॉम्पॅक्ट’ निवडा. दिसत नाही? २०२१ पासून तो पर्याय लपवलाय, का ते त्यांनाच ठाऊक. ॲड्रेस बारमध्ये इंग्रजीत ‘अबाउट’, कोलन, ‘कॉन्फिग’ असं सलग टाइप करा, इशारा आला तरी पुढे जा, ‘कॉम्पॅक्टमोड’ शोधा आणि ‘फॉल्स’वर डबल क्लिक करून ‘ट्रू’ करा. मग परत ‘डेन्सिटी’त जाऊन ‘कॉम्पॅक्ट’ निवडा. बाकी कशाला हात लावू नका.

बुकमार्कची पट्टी कंट्रोल-शिफ्ट-बी दाबून झाका. लांबलचक फॉर्म असेल तर सरळ एफ-११. झूम ८० टक्क्यांवर आणलं की बटणही वर येतं, आणि त्या साइटपुरतं ते लक्षातही राहतं. त्याखाली गेलात तर चष्मा शोधावा लागेल.