सत्तरीपुढे कॅन्सर निघाला तर वय वंदना कार्ड आधी काढा

घरातलं कुणी 70 च्या पुढचं असेल आणि कॅन्सर निघाला तर आता नवीन प्रायव्हेट पॉलिसीच्या मागे लागू नका, मिळालीच तरी आधीच्या आजाराला 3 वर्षांपर्यंत वेटिंग (तोवर त्या आजाराचा खर्च मिळत नाही) लावतात. आयुष्मान वय वंदना कार्ड (70 आणि त्यापुढच्यांसाठी सरकारच्या आयुष्मान भारत आरोग्य योजनेचं कार्ड) काढा, उत्पन्नाची अट नाही, आधार लागतं, वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार (आईबाबा दोघंही असले तर दोघांत मिळून) आणि जुना आजार पहिल्या दिवसापासून कव्हर. आधीची प्रायव्हेट पॉलिसी असेल तर ती बंद करू नका हां, दोन्ही चालतात, सीजीएचएसवाल्यांना (केंद्र सरकारी कर्मचारी-पेन्शनरांची आरोग्य योजना) मात्र एकच निवडावं लागतं. अ‍ॅडमिट होण्याआधी हॉस्पिटलमधल्या आयुष्मान मित्राला (योजनेचं काम बघणारा तिथला माणूस) स्पष्ट विचारा, कॅन्सर विभाग योजनेत आहे का, नुसतं "इथे आयुष्मान चालतं" यावर जाऊ नका.