आर (आकडेवारीसाठीची प्रोग्रामिंग भाषा) लिनक्सवर सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून, कंपाइल होत नाहीये?
स्क्रीनभर एरर आले की सगळे शेवटची ओळ बघतात, तिथे नुसतं मेक (कोड कंपाइल करवून घेणारी कमांड) फेल झालं एवढंच असतं, खरा एरर बराच वर असतो, पहिला आलेला, तो शोधा. मेकच्या आधी चालणारं, मशीनवर काय काय आहे ते तपासणारं कॉन्फिगरच अडकलं तर त्याची नोंद असलेली कॉन्फिग डॉट लॉग फाइल उघडा. रीडलाइनचे (कमांड टाइप करायला सोय देणारी लायब्ररी) हेडर, म्हणजे कंपाइल करताना लागणाऱ्या फाइली, नाहीत म्हणतोय? अहो लायब्ररी असते मशीनवर, पण हेडर वेगळ्या पॅकेजात येतात, उबंटूवर नावाच्या शेवटी डेव्ह असतं, फेडोरावर डेव्हेल, ते टाका. एक्स ११ चंही (लिनक्सवर विंडो दाखवणारी यंत्रणा) तेच, सर्व्हरवर ग्राफची विंडो नकोच असेल तर कॉन्फिगरला सरळ विदाउट-एक्स हा पर्याय द्या. फोरट्रान (एक जुनी प्रोग्रामिंग भाषा) कंपायलर मात्र लागतोच. आणि पॅकेज टाकलं की कॉन्फिगर परत चालवा, नुसतं मेक मारत बसू नका (मी अर्धा दिवस घालवलाय त्यात).